चेन्नईतील लूथरपंथीय विद्यार्थिकार्य

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास तामिळनाडूच्या लहानमोठ्या गावांतून तरुण मुलेमुली महाविद्यालयीन शिक्षणासाठी चेन्नईस येतात. तरंगमबाडी, मयिलाडुतुरै, तंजावर, कडलूर या भागांतून येणाऱ्यांत लूथरपंथीय ख्रिस्ती कुटुंबांतील विद्यार्थीही असतात. गावी त्यांची मंडळी असते, म्हणजेच एका चर्चशी बांधलेला श्रद्धावंतांचा समुदाय असतो. नावाने ओळखणारा पाळक असतो. महानगरात या साऱ्यांच्या जागी वसतिगृहाची एक खोली, इंग्रजीतील व्याख्याने आणि अनोळखी सोबती येतात. अशा विद्यार्थ्यांचा आध्यात्मिक व व्यावहारिक सांभाळ करण्यासाठी चालणाऱ्या कार्यास विद्यार्थिकार्य म्हणतात, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या परस्परसंबंधास ख्रिस्ती परिभाषेत ‘सहभागिता’ ही संज्ञा आहे. वरवर पाहता हे कार्य अगदी साधे आहे; पण कोणी कोणासोबत एका पंगतीस बसावे, हा भारतीय समाजाचा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

लूथरपंथाच्या इतिहासात विद्यार्थी आणि भोजनाचे मेज यांचा संबंध आरंभापासून आढळतो. मार्टिन लूथर हे विटेनबर्ग विद्यापीठात अध्यापक होते. १५१७ साली त्यांनी क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला व त्यातून युरोपातील धर्मसुधारणेस चालना मिळाली. ज्या मठात ते पूर्वी संन्यस्त वृत्तीने राहत, तेच पुढे त्यांचे घर झाले. तेथे विद्यार्थी निवासास असत, त्यांच्या मेजावर जेवत, शंका विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. या टिपणांचा संग्रह लूथर यांच्या निधनानंतर, १५६६ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

लूथर यांच्या शिकवणुकीतील दोन सूत्रे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. मनुष्य आपल्या पुण्यकर्मांच्या बळावर नव्हे, तर ईश्वराच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो, हे पहिले सूत्र होय. परीक्षेतील गुणांवरून स्वतःचे मोल ठरवू लागलेल्या तरुणास या सूत्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. दुसरे सूत्र असे की, केवळ धर्मगुरूचे काम तेवढे पवित्र नसून शेतकरी, कारागीर, गृहिणी यांचे कामही ईश्वराने सोपविलेली सेवाच आहे. त्या न्यायाने विद्यार्थ्याचे अध्ययन हीदेखील सेवा ठरते. प्रार्थनेसाठी अभ्यास टाळणे यात कोणतेही पुण्य नाही.

हा विचार भारतात आला तो हाले या जर्मन नगरातून. तेथील प्राध्यापक आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस अनाथगृह व शाळा स्थापन केल्या. विद्यापीठातील गरीब विद्यार्थ्यांना तेथे विनामूल्य भोजन मिळे आणि ते विद्यार्थी शाळांत शिकवीत. याच परंपरेतील बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्यूत्शाउ हे दोघे डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेने ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीस उतरले. त्सीगेनबाल्ग यांनी तामिळ भाषा आत्मसात केली, शाळा काढल्या आणि नव्या कराराचे तामिळ भाषांतर केले. त्याचे मुद्रण १७१५ साली पूर्ण झाले. १७२६ मध्ये बेंजामिन शुल्त्से मद्रासला आले आणि वेपेरी भागात या कार्याचे दुसरे केंद्र उभे राहिले.

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी मात्र ख्रिस्ती नव्हता. तो मराठी राजपुत्र होता. तंजावरचे तुळजाजी राजे भोसले यांचे १७८७ साली निधन झाले. तत्पूर्वी त्यांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला हाले येथे शिकलेले मिशनरी क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सोपविले होते. गादीच्या तंट्यात त्याच्या जिवास धोका वाटू लागल्यावर १७९३ मध्ये त्याला मद्रासला आणण्यात आले, आणि तेथे वेपेरीचे गेरिके यांनी त्याचे अध्यापन पुढे चालविले. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली आणि देवनागरी मुद्रणालय उभारले. इसापनीतीचे मराठी भाषांतर त्या मुद्रणालयातून १८०६ साली बाहेर पडले. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. विद्यार्थ्याची काळजी घेणे आणि त्याला आपल्या पंथात ओढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे उदाहरण होय.

तथापि, परक्या धर्माच्या राजपुत्राला आत्मीयता देणाऱ्या या परंपरेस स्वधर्मीयांची एक पंगत मात्र साधली नव्हती. तामिळ चर्चमध्ये वेल्लाळ आणि परैयर या जातींचे ख्रिस्ती वेगवेगळे बसत. कोठे कोठे प्रभुभोजनाच्या वेळीही उच्च म्हणविणारे आधी आणि इतर नंतर, असा क्रम पाळला जाई. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद सोडण्याची आज्ञा दिली, तेव्हा वेपेरी व तंजावर येथील अनेक वेल्लाळ कुटुंबांनी तीस विरोध केला. पुढे त्यांपैकी काहींनी लूथरपंथीय लाइपझिग मिशनचा आश्रय घेतला. १८५० मध्ये मद्रासमधील बहुतेक प्रॉटेस्टंट मिशनांनी, जातित्यागाचा पुरावा म्हणून सहभोजनाचा आग्रह धरला. लाइपझिग मिशन त्यात सामील झाले नाही. जात ही मुख्यतः सामाजिक संस्था असून ती नियमांच्या बळाने नव्हे, तर अंतःकरणाच्या हळूहळू होणाऱ्या परिवर्तनाने नाहीशी व्हावी, असे त्या मिशनचे संचालक कार्ल ग्राउल यांचे मत होते. या मतामागील हेतू कितीही शुद्ध मानला, तरी त्याची किंमत पंगतीच्या शेवटी बसणाऱ्यांनाच मोजावी लागली, हे नाकारता येत नाही.

१९१९ साली या मिशनांच्या कार्यातून तामिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. १९५६ मध्ये राजा मणिकम हे तिचे पहिले भारतीय बिशप झाले. परंतु मद्रासमधील लूथरपंथीय विद्यार्थी बहुधा इतरांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयांत शिकत. १९३७ साली तांबरम येथे स्थलांतरित झालेले मद्रास ख्रिश्चन कॉलेज स्कॉटिश मिशनच्या परंपरेतील. प्रेसिडेन्सी कॉलेज सरकारी. साहजिकच लूथरपंथीय विद्यार्थिकार्य एकट्याने चालणे शक्य नव्हते. १८९५ साली स्वीडनमधील वाड्स्टेना येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला होता. १९१२ साली भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आणि १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया या संघटना उभ्या राहिल्या. पहिलीचा भर पंथैक्य व सामाजिक न्याय यांवर, तर दुसरीचा बायबल-अभ्यास व वैयक्तिक श्रद्धा यांवर. लूथरपंथीय विद्यार्थ्याला या दोन्ही प्रवाहांशी परिचय करून घेण्याची संधी असते.

प्रत्यक्ष कार्याचे स्वरूप पाहू गेल्यास त्यात मोठा डामडौल नसतो. आठवड्यातून एकदा दहापंधरा विद्यार्थी जमतात. बायबलमधील एखादा उतारा वाचून त्यावर चर्चा होते. तामिळ व इंग्रजी अशी दोन्ही भाषांतील गीते गायिली जातात. सुट्टीत शिबिर भरते. यांखेरीज पाळकाचे खरे काम बैठकीबाहेर असते. कोणाचे शुल्क भरावयाचे राहिलेले असते, कोणी परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्याचे घरी कळविलेले नसते, कोणाला घर सोडून आल्यापासून झोप लागत नसते. अशा वेळी उपदेशापेक्षा शांतपणे ऐकून घेणारा वडीलधारा माणूस अधिक उपयोगी पडतो.

पंगतीचा प्रश्न मात्र या साध्या बैठकीतही उपस्थित होतो. ‘तू कोणत्या गावचा?’ या निरुपद्रवी प्रश्नामागे पुष्कळदा ‘कोणत्या वस्तीतला?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. शिवाय, १९५० च्या राष्ट्रपती-आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. दलित ख्रिस्ती त्याबाहेरच राहिले. तामिळनाडूत त्यांची गणना मागासवर्गात होते. म्हणजे चर्चमध्ये जात आहे आणि कायद्यात ती नाही, अशा दुहेरी कोंडीत हा विद्यार्थी सापडतो.

या कोंडीला वैचारिक उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न चेन्नईतच झाला, आणि त्यात एका मराठी भाषकाचा वाटा मोठा होता. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील कॅरी सोसायटीपुढे भाषण करताना अरविंद पी. निर्मल यांनी, भारतीय ख्रिस्ती धर्मविचार उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यातच रमला असून बहुसंख्य ख्रिस्ती ज्या समाजातून आले त्यांच्या वेदनेकडे त्याने पाठ फिरविली, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रात १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली होती आणि दलित साहित्याने मराठी मन ढवळून काढले होते. त्या मंथनाचे पडसाद या विचारात उमटले. पुढे निर्मल चेन्नईच्या किल्पाक भागातील गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. ज्या परंपरेने १८५० मध्ये सहभोजनाचा आग्रह नाकारला होता, तिच्याच विद्यापीठात दलितांचा अनुभव हा धर्मशास्त्राचा प्रारंभबिंदू मानला गेला.

विचार बदलल्याने आचार आपोआप बदलतो असे नव्हे. तरीही विद्यार्थिदशेचे एक वैशिष्ट्य आहे. या वयात माणूस गावच्या बंधनांपासून दूर असतो आणि नव्या बंधनांत अद्याप अडकलेला नसतो. या तीनचार वर्षांत ज्याच्यासोबत एका ताटात जेवले, एका खोलीत अभ्यास केला, त्याला पुढे परका मानणे कठीण जाते. विद्यार्थिकार्याचे यश म्हणूनच बैठकीतील उपस्थितीवरून मोजता येत नाही. शिक्षण संपवून तरुण गावी परततो, लग्नकार्यात किंवा सणासुदीला पंगत मांडली जाते, आणि आपल्या शेजारी कोणास बसवावयाचे हे त्याला ठरवावे लागते. त्याची चार वर्षांची सहभागिता खरी होती की नाही, हे त्या क्षणी कळते.