घर विकताय? घेणारी पार्टी खरंच काय बघते आणि मोबाईलवर काय काय तपासून ठेवता येतं

आज विषय जरा वेगळा आहे. फोन नाही, अ‍ॅप नाही, थेट घर. पण हल्ली बऱ्याच घरांत असं होतं की फ्लॅट आई-बाबांच्या नावावर असतो आणि तो विकायची वेळ आली की फोटो काढणं, ऑनलाइन जाहिरात टाकणं, आलेल्या मेसेजना उत्तरं देणं ही सगळी कामं तुमच्या-माझ्यासारख्या घरातल्या 'मोबाईलवाल्या' मुलांकडे येतात. आणि ही साधीसुधी विक्री नसते. वीस वर्षांच्या हप्त्यांची ती कमाई असते.

गेल्या वर्षी माझ्या मामाचा धायरीतला टू बीएचके विकायचा होता. मामाला कराडला परत जायचं होतं आणि याच पैशात तिथलं घर बांधायचं होतं, त्यामुळे भाव दोन लाखांनी पडणं त्याला परवडणारं नव्हतं. सात-आठ पार्ट्या घर बघून गेल्या आणि प्रत्येक वेळी मी तिथे होतो. एजंट म्हणत होता, "नवीन मॉड्युलर किचन करून घ्या." पण किचनच्या ट्रॉल्या कुणी फारशा उघडल्याच नाहीत. लोक नळ सोडून बघत होते, खिडक्या उघडत होते, फोनची रेंज बघत होते. त्यावरून आणि थोड्या इंजिनिअरिंगच्या डोक्याने हा लेख.

१. उजेड, वारा आणि दिशा

घरात पाऊल टाकल्यावर पहिला परिणाम होतो तो उजेडाचा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनच्या वरच्या भागात प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. लक्स मीटरचं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या आणि सगळ्या खोल्या एकाच वेळी, दिवे बंद ठेवून मोजा. आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण कुठली खोली किती वाजता सगळ्यात उजळ असते हे नक्की कळतं. घर दाखवायची वेळ तीच ठेवा. जाड पडदे काढा आणि काचा पुसून घ्या. खर्च जवळपास शून्य.

दिशेचं म्हणाल तर वास्तूवर तुमचा विश्वास असो वा नसो, घेणारा विचारतोच. फोनचा कंपास चुंबकीय सेन्सरवर चालतो, त्यामुळे खिडकीचं लोखंडी ग्रिल, लिफ्ट किंवा स्पीकर जवळ असेल तर तो सरळ चुकीची दिशा दाखवतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून कॅलिब्रेट करा, कव्हरमध्ये मॅग्नेट असेल तर काढा आणि तीन वेगवेगळ्या जागी उभं राहून बघा. शंका आली तर मॅपमधल्या सॅटेलाइट चित्रावर इमारत शोधा, तिथे दिशा चुकत नाही.

२. रेंज आणि इंटरनेट

घरून काम करणाऱ्यांसाठी हा आता पाण्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा झालाय. फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' असा साधारण रस्ता आहे, फोनप्रमाणे थोडा बदलतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या खाली गेलं की कॉल तुटायला लागतात. हे मोजमाप सरळ रेषेत चालत नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. म्हणजे उणे ८५ आणि उणे ११५ यांत १,००० पटींचा फरक आहे!

आरसीसीच्या भिंती सिग्नल खातात आणि फाइव्हजीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्यांचा जास्त त्रास होतो. म्हणून आतल्या बेडरूममध्ये रेंज नसेल तर घाबरू नका. घरात फायबर असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा, घेणाऱ्यालाही तसंच करून दाखवा. कुठल्या कंपन्यांचं फायबर इमारतीत आलंय याची यादी जाहिरातीत टाका. मामाच्या घराच्या जाहिरातीवर आलेल्या फोनमध्ये निम्मे प्रश्न याचेच होते.

३. वीज आणि पाणी

पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये वायरिंग त्या काळच्या गरजेपुरतं असतं. घेणारा मात्र दोन एसी, गीझर, इंडक्शन आणि कदाचित इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येणार असतो. त्यामुळे प्रत्येक बेडरूममध्ये एसीसाठी १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग तपासलेलं आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर ते आवर्जून सांगा. आरसीसीबी म्हणजे करंट गळतोय हे ओळखून क्षणात वीज तोडणारं यंत्र. शॉक लागला तर जीव वाचवतं ते हेच. नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून बसवून घ्या, किचनच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

पाण्याचं सोपं आहे. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, बोअर आहे का, हे खरं सांगा. ओल असेल तर वरून रंग मारून लपवू नका. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की अनुभवी माणूस पहिला हात तिथेच लावतो.

४. स्मार्ट होम: कशाला किंमत आहे, कशाला नाही

माझा एक साधा नियम आहे. भिंतीच्या आत असलेलं घराबरोबर जातं, प्लगला लावलेलं आपल्याबरोबर. रंग बदलणारे बल्ब किंवा बोलणारा स्पीकर बघून कुणी भाव वाढवत नाही. पण हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीतून टाकलेली कॅट सिक्स केबल (१०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग), दारावरचा व्हिडिओ डोअर फोन, चांगलं डिजिटल लॉक या गोष्टी दाखवण्यासारख्या आहेत. स्मार्ट स्विच बसवायचा विचार असेल तर आधी बोर्डात न्यूट्रल वायर आहे का बघा. जुन्या घरांत नुसत्या बटणांच्या बोर्डात ती बरेचदा नसते आणि बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते.

बीएलडीसी पंखे साधारण ३० वॉटवर चालतात, जुने ७५ च्या आसपास. चार पंखे दिवसाला दहा तास चालले तर महिन्याला पन्नासेक युनिट वाचतात. मग ते पंखे तिथेच राहणार की तुम्ही नेणार? एसी, गीझर, लॉक, पंखे यांची यादी करून करारात लिहून घ्या. शेवटच्या दिवशीची भांडणं यावरूनच होतात.

५. एरिया: इथे खरा पैसा आहे

२०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या दिली आहे. त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. म्हणून तुम्ही खोल्या मोजून बेरीज केली तर ती रेरा कार्पेटपेक्षा थोडी कमीच येणार. आपलं मोजमाप चुकलं असं समजू नका, तो भिंतींच्या जाडीचा फरक आहे. कागदावर चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा. ५५ चौरस मीटर म्हणजे ५९२ चौरस फूट.

फोनवर मोजायचं झालं तर आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्ये १२ प्रो पासून लायडार सेन्सर आहे, तो लेझरने अंतर मोजतो. इतर फोन कॅमेरा आणि हालचालीवरून अंदाज लावतात. अंदाज किती महाग पडतो बघा. १० बाय १२ ची खोली दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त मोजली तर १२० ऐवजी साडेएकशेपंचवीस चौरस फूट येते. रेट ८,००० धरला तर एका खोलीत चव्वेचाळीस हजारांची चूक. म्हणून मोजणीला लेझर मीटर किंवा साधा टेप वापरा आणि जाहिरातीत नोंदणीकृत करारनाम्यातलाच एरिया लिहा. 'सुपर बिल्ट-अप' लिहून आकडा फुगवला की घेणारा कागद बघताच बिथरतो.

६. फोटो आणि सावधगिरी

फोन आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून, एचडीआर सुरू. ०.५ एक्सच्या वाइड लेन्सने खोली हॉलसारखी दिसते, पण माणूस प्रत्यक्ष आला की "फोटोत मोठी वाटली होती" म्हणतो आणि भावाची घासाघीस तिथूनच सुरू होते. १ एक्स वापरा. फोटोत चाव्या, गाडीचा नंबर, भिंतीवरची सर्टिफिकेट्स येऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातलं लोकेशनही सोबत जातं हे लक्षात ठेवा.

जाहिरात टाकली की "टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असे फोन येऊ शकतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण जाहिरातीत नंबर बहुतेक बाबांचा असतो.

७. कागद तयार असणं हेही फीचरच

इंडेक्स २, करारनामा, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. इंडेक्स २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये शोधता येतो. घेणाऱ्याला गृहकर्ज घ्यायचं असेल तर बँक हे सगळं मागणारच. मामाच्या घराला शेवटी जी पार्टी मिळाली तिने दुसरा, दिसायला जास्त चकाचक फ्लॅट सोडला, कारण तिथले कागद 'देतो, देतो' वर अडकले होते.

८. चावी देण्याआधी

डिजिटल लॉकमधून सगळी बोटं आणि पिन काढा, अ‍ॅडमिन अकाउंट नव्या मालकाला द्या. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घ्या आणि अ‍ॅपमधून कॅमेरा 'रिमूव्ह' करा. काही ब्रँडमध्ये नुसतं रीसेट करून जुनं अकाउंट सुटत नाही. विचार करा, नवीन कुटुंब राहायला आलंय आणि त्यांच्या दारावरचा कॅमेरा अजून तुमच्या फोनवर दिसतोय! राउटर कंपनीचा असेल तर परत करा, वीजमीटरचं नाव बदलायला लागणारे कागद द्या.

घरी विक्रीचा विषय निघाला असेल तर हा लेख फॅमिली ग्रुपवर पाठवा आणि येत्या रविवारी टेप घेऊन एरियापासून सुरुवात करा. भेटूया पुढच्या लेखात!