बाळाच्या अंगावरचा लाल डाग : कधी थांबायचं, कधी धावायचं

बाळाच्या अंगावर लाल डाग दिसला की पहिला प्रश्न आईला येतो, "ग्रहणात काय कापलं होतंस?" आपल्या घरांतून ग्रहण पाळणं केव्हाच सुटलं, तरी बाळंतिणीला हा प्रश्न चुकत नाही. विचारायला कुणी शेजारीण, कुणी चुलतसासू असतेच. म्हणून उत्तर आधीच देतो. ग्रहणाचा, आईच्या खाण्यापिण्याचा किंवा मागच्या कुठल्या जन्माचा या डागाशी काडीचा संबंध नाही. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या कुठे जास्त वाढतात, कुठे रुंद राहतात, त्याचे हे डाग.

विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. डाग जन्मतःच होता की नंतर आला? आणि आल्यापासून वाढतोय का? एवढं नीट सांगता आलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

नंतर येऊन वाढणारा डाग बहुतेक वेळा हेमँजिओमा असतो. शंभरातल्या चार-पाच बाळांना तो होतो. मुलींना जास्त, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना आणखी जास्त. जन्मताना काही दिसत नाही, फार तर ओरखड्यासारखी फिकट खूण असते. मग काही आठवड्यांत तिथे टोमॅटोच्या सालीसारखा लालभडक उंचवटा येतो. कधी वरची कातडी नेहमीसारखीच असते आणि खाली मऊ, निळसर फुगवटा लागतो. तोही हेमँजिओमाच, फक्त खोलवरचा. काहींत दोन्ही एकत्र असतात.

त्याची वाढ सगळ्यात झपाट्याने होते ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात. तीन महिन्यांपर्यंत तो आपल्या पूर्ण आकाराच्या बराच जवळ जातो. वर्षानंतर मधून राखाडी पडत, मऊ होत ओसरू लागतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक ओसरलेला असतो. मोठा असेल तर मागे सैल कातडी राहते.

"आपोआप जातो" हे म्हणून खरंच आहे. पण याच वाक्याने काही बाळांचं नुकसान होतं, कारण औषधाचा उपयोग वाढीच्या काळात सगळ्यात जास्त होतो आणि तो काळ वाट बघण्यात निघून जातो. पाठीवरचा, पोटावरचा लहानसा डाग असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवून खुशाल थांबा. पापणीवरचा थांबू देत नाही. डोळा झाकला गेला तर त्या डोळ्याची नजर घडतच नाही. नाकाचा शेंडा, ओठ, कान इथे आकार बिघडतो. हनुवटी-गळ्यावर पसरलेला असेल आणि श्वासाला घरघर येत असेल, तर आत श्वासनलिकेतही असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लंगोटाच्या जागेचा डाग फुटून चिघळतो, बाळ लघवीला रडतं. अंगावर पाच किंवा जास्त डाग असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. कमरेच्या मधोमध असेल तर मणक्याची तपासणी लागते. चेहऱ्यावर मोठा पट्टा पसरला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदयही बघावं लागतं.

यावरचं औषध प्रोप्रॅनोलॉल. हे मुळात रक्तदाबाचं आणि हृदयाचं औषध. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या डॉक्टरांनी कळवलं, की हृदयासाठी ते दिलेल्या एका बाळाचा हेमँजिओमाही उतरला. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, पण बाळाला तपासून, वजनावर मात्रा ठरवूनच देतात. ते पाजल्यानंतरच द्यायचं. बाळ दूध घेत नाही, उलट्या करतंय किंवा छाती वाजतेय, तर तो डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना विचारा. उपाशी पोटी रक्तातली साखर एकदम उतरू शकते. लहान, वरवरच्या डागावर कधी टिमोलॉलचे थेंब लावायला देतात. बिब्बा, चुना, डागणी यांनी मात्र फक्त जखम होते. डागातून रक्त आलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा.

जन्मतः असलेल्यांत मानेवरचे, पापण्यांवरचे, कपाळाच्या मध्यावरचे फिकट गुलाबी डाग निरुपद्रवी. चेहऱ्यावरचे वर्ष-दोन वर्षांत जातात, मानेवरचा केसांखाली राहिला तरी राहू द्या. कमरेवरचा निळा-करडा डाग तर रक्तवाहिनीचा नसतोच, तो रंगाचा असतो. आपल्याकडे कितीतरी बाळांना असतो.

सपाट, जांभळट-लाल लासे, ज्याला पोर्ट वाइन स्टेन म्हणतात, ते वेगळं. आपल्या सावळ्या कातडीवर ते कधी नुसतं गडद दिसतं. ते जात नाही, मुलाबरोबर वाढतं आणि वयानुसार जाड होतं. लेसरने फिकं करता येतं, पण अनेक खेपा लागतात. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्या आणि झटक्यांकडे लक्ष ठेवा. मूल रडलं की फुगणारी निळी मऊ गाठ किंवा हाताला ठोके लागणारी गरम गाठ, हे आणखी निराळे प्रकार. तेही आपोआप जाणारे नाहीत.

आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते, म्हणजे नेमक्या वाढीच्या दिवसांत. तिला बाळ उघडं करून दाखवा. दर रविवारी डागाशेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर एक फोटो काढा. मोठ्या सरकारी रुग्णालयात बालरोग किंवा त्वचारोगाचा केसपेपर काढा, बाळ किती आठवड्यांचं आहे ते आधी सांगा आणि ते फोटो ओळीने पुढे ठेवा. "जाईल आपोआप" असं कुणी न बघताच म्हणालं, तर "पुन्हा कधी आणू?" हे विचारल्याशिवाय उठू नका.