तळाच्या तीन जागा

4 मे 2024, शनिवार. भारतात संध्याकाळचे पाच वाजले आणि तिकडे इंग्लंडमध्ये चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू झाले. गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये शनिवार-रविवारी मोठ्या पडद्यावर आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर दिसतात. ब्लॅकबर्न रोव्हर्ससाठी तिथे कुणी टेबल राखून ठेवत नाही. पण महाराष्ट्राशी आणि दिल्लीशी एकाच वेळी नातं सांगणारा इंग्लिश क्लब शोधायचा तर तो हाच. मालक पुण्याचे, आणि पुण्याहून क्लबला जाणाऱ्या पैशाचं प्रकरण तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात.

त्या दिवशी लेस्टरमध्ये ब्लॅकबर्न विजेत्या लेस्टर सिटीशी खेळत होता. चॅम्पियनशिपमध्ये तळाचे तीन संघ खाली जातात. दोन जागा जवळपास भरल्यासारख्याच होत्या, तिसरी रिकामी होती. ब्लॅकबर्न आणि शेफिल्ड वेन्सडेचे 50 गुण, प्लिमथचे 48, बर्मिंगहॅमचे 47. चौघांपैकी एक जाणार, एवढंच ठरलेलं. आणि झालं असं की चारही संघ जिंकले. बर्मिंगहॅम जिंकूनही खाली गेला. ब्लॅकबर्नने 2-0 असा विजय मिळवला, दोन्ही गोल सॅमी स्मॉडिक्सचे. तो सामना हरला असता, तर गुण बर्मिंगहॅमइतकेच राहिले असते आणि गोलफरकावर ब्लॅकबर्नच घसरला असता.

या संध्याकाळपर्यंत ब्लॅकबर्नचे चाहते चौदा वर्षं एकच वाद घालत आले होते. याला बसवा, त्याला उतरवा. बचावात चार ठेवा, नाही, पाच ठेवा. मागून छोटे पास देत वर या, नाहीतर सरळ लांब चेंडू मारा. वरच्या संघाचे चाहते हे हौसेने बोलतात. तळाच्या संघाचे चाहते पोटतिडकीने बोलतात, कारण चुकीच्या अकरा जणांची किंमत एका सामन्यापुरती नसते. श्रेणी जाते, प्रक्षेपणाचे पैसे जातात, चांगले खेळाडू जातात. या वादांचा मागोवा घेतला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: ज्या यादीवर ते भांडत होते, ती मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या हाती पडायच्या आधीच अर्धीअधिक ठरून गेलेली असायची.

सुरुवात नोव्हेंबर 2010 मध्ये झाली. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, घरोघरी ज्याला ‘वेंकीज’ म्हणतात त्याने, ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश व बालाजी राव मालक झाले. क्लब साधासुधा नव्हता. जॅक वॉकर या पोलाद-उद्योजकाच्या पैशावर, केनी डॅलग्लिशच्या हाताखाली आणि ॲलन शिअररच्या गोलांवर त्याने 1994-95 ची प्रीमियर लीग जिंकली होती. लँकेशायरमधलं हे जुनं कापडगिरण्यांचं गाव. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला त्याची कळा सांगावी लागत नाही.

महिन्याभरातच, 13 डिसेंबरला, सॅम ॲलर्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. ॲलर्डाइस यांचा खेळ अनेकांना रुक्ष वाटायचा: उंच चेंडू, धडाधड हेडर, बचावात ख्रिस सांबा आणि रायन नेल्सन हे दोन धिप्पाड गडी. पण त्या रुक्ष खेळात संघ तरला होता. त्यांच्या जागी मदतनीस स्टीव्ह कीन आले. पहिल्या हंगामात संघ अगदी काठावर वाचला. 22 मे 2011 रोजी वुल्व्ह्जच्या मैदानावर मध्यंतराला 3-0 अशी आघाडी घेतली, मग दोन गोल खाल्ले आणि 3-2 वर सुटका झाली.

त्यानंतरच्या नऊ महिन्यांत बचावफळीचं काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. जून 2011 मध्ये तरुण फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. जानेवारी 2012 मध्ये कर्णधारपद सांभाळलेला नेल्सन टॉटनहॅमला गेला. फेब्रुवारीत सांबा रशियाच्या अन्झी मखाचकलाकडे गेला. मधल्या बचावाचे तीन खांब गेले आणि भार मुख्यतः नव्या आलेल्या स्कॉट डॅनवर आणि विशीतल्या ग्रँट हॅनलीवर पडला. क्लबच्या ईवुड पार्क मैदानाच्या पायऱ्यांवर लोक ओरडत होते ते ‘कीन आउट’. बचाव किती पुढे ठेवायचा, मधल्या फळीत तिसरा माणूस हवा का, यावर कीन यांना रोज धारेवर धरलं जात होतं. काही टीका रास्त होती. पण हंगामाअखेर संघाने 38 सामन्यांत 78 गोल खाल्ले, त्याचं खापर एकट्या प्रशिक्षकाच्या फळ्यावरच्या रेघांवर फोडता येत नाही.

त्या हंगामात चांगले दिवसही आले. 31 डिसेंबर 2011 ला, सर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, तळाच्या ब्लॅकबर्नने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 3-2 असं हरवलं. याकुबूचे दोन गोल, तिसरा हॅनलीचा. याकुबूने त्या हंगामात लीगमध्ये 17 गोल केले. एवढे गोल करणारा माणूस आघाडीला असताना संघ खाली जातो, ही गोष्टच मुळात दुर्मीळ. ऑक्टोबरमध्ये हाच संघ पुण्याला बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला होता, 3-0 जिंकून. इकडे त्याचं कौतुक झालं. तिकडे चाहते विचारत होते की लीग सुरू असताना हा प्रवास कशासाठी?

7 मे 2012. ईवुड पार्कवर विगन. भारतात मध्यरात्र उलटून साडेबारा झाले होते. सामना सुरू असताना कुणीतरी पाठीवर क्लबचा झेंडा बांधलेली एक कोंबडी मैदानात सोडली. जगभर ते चित्र हसण्यावारी गेलं, पण ज्यांनी ती सोडली त्यांना हसू येत नव्हतं. पुण्याच्या कुक्कुटपालन व्यवसायाला उद्देशून आपला राग सांगण्याची त्यांना सापडलेली ती एकच वाट होती. 87 व्या मिनिटाला कॉर्नरवरून अँतोलिन अल्काराझचं हेडर जाळ्यात गेलं. 1-0. अकरा वर्षांनी ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर.

समोरच्या विगनची गोष्ट डावपेचांवर वाद घालणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी. तेही तळाशीच होते. रॉबर्तो मार्टिनेझ यांनी हंगामाच्या उत्तरार्धात बचावात तीन खेळाडू ठेवून दोन्ही कडांना धावणारे गडी मोकळे सोडले, आणि त्या संघाने लिव्हरपूल, आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडला हरवलं. म्हणजे रचनेने संघ वाचतो, यात शंका नाही. पण मार्टिनेझ यांना संघ बांधायला तीन वर्षं मिळाली होती. घसरणीनंतरच्या हंगामात ब्लॅकबर्नने काय केलं? कीन सप्टेंबरमध्ये गेले. हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले, मायकेल ॲपलटन 67 दिवस. एवढ्या दिवसांत माणसाला खेळाडूंच्या सवयीही कळत नाहीत.

पाच वर्षांनी तेच चित्र पुन्हा. 2016 च्या उन्हाळ्यात ओवेन कॉयल प्रशिक्षक झाले. शेजारच्या बर्नली आणि बोल्टनचे माजी प्रशिक्षक, म्हणून चाहत्यांना ते पहिल्या दिवसापासून नकोच होते. त्याच उन्हाळ्यात मधल्या बचावाचे दोघे विकले गेले: हॅनली न्यूकॅसलला, शेन डफी ब्रायटनला. चार्ली मलग्रू आणि गॉर्डन ग्रीअर हे वयाने मोठे बचावपटू शुल्काविना आले. फेब्रुवारी 2017 मध्ये संघ तळाकडून दुसरा असताना कॉयल यांना निरोप मिळाला आणि टोनी मोब्रे आले. मोब्रे यांनी घडी बसवली, संघ सामने वाचवू लागला.

7 मे 2017, पुन्हा तीच तारीख. ब्रेंटफर्डच्या ग्रिफिन पार्कवर वीस मिनिटांच्या आत ब्लॅकबर्न 2-0 पुढे. पाहुण्या चाहत्यांचे डोळे मैदानावर आणि कान दुसरीकडे: नॉटिंगहॅममध्ये काय, ब्रिस्टलमध्ये काय? ब्रिस्टलमध्ये बर्मिंगहॅम 1-0 जिंकला. नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला 3-0 हरवलं. ब्लॅकबर्न 3-1 जिंकला. फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न, दोघांचे 51 गुण. फॉरेस्टचा गोलफरक उणे 10, ब्लॅकबर्नचा उणे 12. दोन गोल. 46 सामन्यांच्या हंगामात दोन गोल कुठल्या शनिवारी कमी पडले हे कोण सांगणार? पण उन्हाळ्यात दोन बचावपटू विकल्यावर ‘हे महागात पडेल’ म्हणणारे चाहते चुकले नव्हते. प्रीमियर लीग जिंकलेला संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. मोब्रे यांना मात्र या वेळी ठेवलं गेलं, आणि वर्षभरात संघ परत वर आला.

त्याच वसंतात भारतातही एक संघ खाली गेला, आणि त्यावर मराठी वर्तमानपत्रांत फारसं काही आलं नाही. कुपरेजवर खेळणारा मुंबई एफसी 2016-17 च्या आय-लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिला. पिवळ्या शर्टांचे मोजके पण निष्ठावान चाहते होते त्याचे. खालिद जमील यांनी सात वर्षं तोकड्या साधनांत हा संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला होता. अति बचावात्मक म्हणून त्यांच्यावर टीका व्हायची. 2016 मध्ये ते गेले, आणि ज्या हंगामात मुंबई घसरली त्याच हंगामात त्यांनी ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त घेऊन. तो ऐझॉलही आदल्या वर्षी घसरलाच होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत बोलावलं गेलं. बचावात्मक म्हणून नाक मुरडलेला माणूस काय करू शकतो हे मुंबईला ऐझॉलकडून कळलं. मुंबई एफसी मात्र त्यानंतर उभाच राहिला नाही.

ब्लॅकबर्नच्या मालकांनी पैसे लावले नाहीत असं कुणी म्हणू नये. 2010 पासून त्यांनी दोनशे दशलक्ष पौंडांहून अधिक रक्कम क्लबमध्ये घातली आहे. पण अंमलबजावणी संचालनालयाने परकीय चलन कायद्याखाली सुरू केलेल्या चौकशीमुळे 2023 पासून पैसा पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी लागू लागली. शेरशाह रोडवरच्या न्यायालयात तारीख पुढे गेली की लँकेशायरमध्ये खेळाडू विकायची वेळ यायची. फेब्रुवारी 2024 च्या पहिल्याच दिवशी मधल्या फळीतला एकोणीस वर्षांचा ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. ऑर्लँडोच्या डंकन मॅकग्वायरला आणायचं ठरलं होतं, ते कागदपत्रांच्या घोळात फिसकटलं. आदल्या वर्षीच्या जानेवारीत लुईस ओब्रायनचंही तसंच झालं होतं. व्हार्टन गेल्यावर आठवड्याभरात प्रशिक्षक यॉन डाल टॉमासनही गेले. चाहते तेव्हा भांडत होते ते गोलवर पिअर्स ठेवावा की वालस्टेट यावर, आणि मागून पास देत खेळ रचावा की नवे प्रशिक्षक जॉन युस्टेस म्हणतात तसं आधी दार बंद करावं यावर. हे प्रश्न खरेच होते. लेस्टरवर मिळालेला 2-0 विजय युस्टेस यांच्या बंद दाराचा आणि स्मॉडिक्सच्या पायांचा. त्या हंगामात स्पर्धेत सर्वाधिक, 27 गोल त्याने केले होते. उन्हाळ्यात तोही इप्सविचला विकला गेला.

दिल्ली आणि गुरुग्रामच्या फुटबॉलप्रेमीला हा वाद परका वाटतो, कारण इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दहा हंगामांत कुणी खाली गेलंच नाही. तिथे संघ घसरत नव्हता, गाव बदलत होता. नेहरू स्टेडियमवर खेळणारा दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. संघ हरला तरी काही जात नसेल, तर याला बसवा आणि त्याला उतरवा म्हणण्यात जीव कुठून येणार?

जीव येतो तो खालच्या पायरीवर. 2022-23 च्या आय-लीगमधून दोन संघ घसरले: दिल्लीचा सुदेवा आणि मुंबईचा केंकरे. एकाच हंगामात राजधानी आणि मुंबई, दोन्ही. 2024-25 मध्ये दिल्ली एफसीही गेला. या संघांच्या बचावफळीत कोण हवा होता यावर किती जणांनी रात्री जागवल्या? ब्लॅकबर्नचे चाहते निदान ओरडले, आणि त्यांचं बरंचसं खरं ठरलं.

मिलेनियम सिटी सेंटर गुरुग्रामहून यलो लाइनने केंद्रीय सचिवालय, तिथून व्हायोलेट लाइनने दिल्ली गेट. स्टेशनाबाहेर आलं की आंबेडकर स्टेडियम जवळच आहे. दिल्लीच्या स्थानिक लीगचे सामने तिथे होतात. एखाद्या दिवशी सायबर हबचा पडदा सोडून तिकडे जा, आणि तळाच्या संघाच्या बाजूने बसा.