देणगीचं पाणी आणि आपला ऊस

सभासद बंधूंनो, २०१९ साल आठवा. जानेवारीपासून म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी चालू होती, जनावरांबरोबर माणसंही तिथंच मुक्कामाला. आणि त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं, नदीकाठचा उभा ऊस कुजला. दुष्काळ अन् महापूर एकाच वर्षात!

अशा वेळी सरकारी मदत येते तेव्हा येते. दाते मात्र पुढे होतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यासाठी काढावे लागतात. त्यातला काही पैसा आपल्या भागातही पोचतो.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत झाली, त्यांत आपला कोरेगाव होता. वेळू गावानं पहिला नंबर काढून ५० लाखांचं बक्षीस आणलं. २०१८ साली माणच्या टाकेवाडीनं ७५ लाखांचं. फाउंडेशननं गावकऱ्यांना शिकवलं, पण चर खणले आणि बांध घातले ते गावानंच, ४५ दिवस उन्हातान्हात. जोडीला भारतीय जैन संघटनेची यंत्रं होती.

आता खरं बोलूया. पाणी जिरलं, विहीर भरली, की आपल्या मनात पहिला विचार उसाचाच येतो. आडसाली लागण दीड वर्ष पाणी पिते. शंभर हातांनी अडवलेलं पाणी चार मोटारी उपसून टाकतात, आणि चर खणायला आलेला भूमिहीन तसाच कोरडा राहतो.

याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं होतं. येरळेवर खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. गावानं भांडून ती स्वतः विकण्याची परवानगी मिळवली आणि तो पैसा धरणात घातला. वर श्रमदान होतंच. पाणी जमिनीच्या मापानं न देता सर्वांना समान द्यायचं, भूमिहीनांनासुद्धा, असं ठरलं. पुरंदरला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत माणशी हिस्सा ठेवला आणि उसाला बंदीच घातली. ऐकायला कडू आहे, पण तिथं पाणी पुरलं.

काही सभासद म्हणतात, वरच्या गावांत पाणी टिकलं तर माण, जतच्या टोळ्या कोयता घेऊन येतील का? धास्ती खोटी नाही. पण दुसऱ्याच्या दुष्काळावर आपला हंगाम किती वर्षं चालवायचा?

येरळा खटावातून निघते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे वरचे लोक काही परके नव्हेत. तेव्हा येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडावा असं वाटतं: ऊसबिलातून टनामागं १ रुपया, तोही ज्याची खुशी असेल त्याचाच, वरच्या गावांच्या बांधबंदिस्तीसाठी काढावा. अट एवढीच, की त्या पाण्यावरच्या उसाची नोंद कारखान्यानं घेऊ नये. शेतकी खात्याला हे रुचणार नाही. म्हणूनच ते सभेत, सर्वांसमक्ष विचारायचं.