घरभाड्याचा दलाल व त्याच्या अधिकाराची मर्यादा

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भाड्याच्या घराचा शोध बहुधा दलालाच्या दारींच येऊन थांबतो. किल्ली त्याच्या हातीं, भाडें सांगणारा तोच, करारनाम्याचा कागद आणणाराहि तोच. तेव्हां नवख्या बिऱ्हाडकरूस तोच घरधनी वाटूं लागला तर नवल नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें मात्र मालकानें नेमलेला दलाल हा मालकाचा प्रतिनिधि, आणि तोहि दिलेल्या अधिकारापुरताच.

हें नातें १८७२ च्या भारतीय करार कायद्यानें बांधलेलें आहे. अधिकाराबाहेर जाऊन दलालानें दिलेलें वचन मालकावर सहसा बंधनकारक होत नाहीं. परंतु मालकाच्याच शब्दांवरून वा वर्तनावरून तसा अधिकार आहे असा समज झाला असेल, तर मालकास हात झटकतां येत नाहींत. मालकासाठीं घेतलेली रक्कम दलालानें आपली वाजवी वजावट करून त्यास दिली पाहिजे, व मागतांच हिशेबहि दिला पाहिजे. अनामत रकमेची खरी गोम येथेंच आहे. पैसे घेण्याचा अधिकार दलालास नसतांना ती रोख त्याच्या हातीं ठेवली, तर मालक ‘मला कांहीं पोंचलें नाहीं’ म्हणून मोकळा होऊं शकतो, आणि भाडेकरू दलालाचे उंबरठे झिजवीत बसतो. धनादेश मालकाच्या नांवें काढावा, पावती मालकाच्या सहीची घ्यावी.

३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यांत ‘घरमालक’ या शब्दाची व्याप्ति मोठी आहे: दुसऱ्याच्या वतीनें भाडें वसूल करणाराहि तींत येतो. भाडेकरूचें पाणी किंवा वीज योग्य कारणावांचून तोडण्याची मनाई मालकाप्रमाणेंच त्याच्या वतीनें वागणाऱ्यासहि धरून आहे. कलम ५५ प्रमाणें करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय, उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. ‘साधा कागद चालतो’ हें दलालाचें आश्वासन म्हणूनच मालकास महागांत पडणारें आहे.

दलालीच्या दराविषयीं मात्र कायदा मुका आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें दलालांस नोंदणी लावली खरी, पण त्यांतील दलालाची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती. भाड्याचा मध्यस्थ तींतून निसटतो. ही उणीव लहान नव्हे. एक महिन्याचें भाडें ही सामान्य वहिवाट आहे, कायद्याची मर्यादा नव्हे. म्हणून आंकडा घर पाहण्यापूर्वींच लिहून घ्यावा. कराराची मुदत वाढवितांना पुनः दलाली मागण्याचीहि रीत आहे. पहिल्या बोलींत तशी अट नसेल, तर भाडेकरूस तिला हरकत घेतां येते.