भाऊबंद आणि भाऊबंदकी : विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांचे लाभ आणि धोके



स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडण्याचे काम शाळेने माझ्यावर सोपविले, तेव्हा प्रथम एखाद्या संतकवीचे नाव मनात आले. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाच्या बाबतीत ते स्वाभाविकच होते. परंतु समोर बसणाऱ्या श्रोत्यांचा विचार करता मी तो मोह आवरला. या शाळेतून बाहेर पडणारी मुलेमुली पुण्या-मुंबईच्या, नागपूर-इंदूरच्या, काही तर परदेशांतील महाविद्यालयांत जातात, वसतिगृहांत राहतात आणि आईवडिलांनी न निवडलेल्या माणसांशी तेथे प्रथमच त्यांचे नाते जडते. या नात्याविषयी शाळेत कोणी काही सांगत नाही आणि घरीही फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याविषयी बोलावे असे ठरविले.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या अशा मंडळांना ‘फ्रॅटर्निटी’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘फ्रातेर’ हा शब्द आहे. आपल्या संस्कृतातील ‘भ्रातृ’ आणि मराठीतील ‘भाऊ’ हे त्याच कुळातले. मराठीने मात्र या कुळात एक विलक्षण भर घातली आहे. आपण ‘भाऊबंद’ म्हणतो, तेव्हा आधाराला धावून येणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. आणि त्याच शब्दाला ‘की’ जोडून ‘भाऊबंदकी’ म्हटले, की कलह, मत्सर आणि कोर्टकचेरी आठवते. एका प्रत्ययाचे काय ते अंतर! बंधुमंडळाचा लाभ आणि धोका हे दोन्ही एकाच मुळातून उगवतात, एवढे शहाणपण आपल्या भाषेने केव्हाच साठवून ठेवले आहे.

लाभाची ओळख पिपलानीच्या रहिवाशांना वेगळी करून द्यायला नको. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. नातेवाईक दूर राहिले. अशा वेळी शेजारी, सहकारी आणि एकभाषिक मंडळी हेच भाऊबंद झाले. घर सोडून आलेल्या माणसाला कोणत्या तरी ‘आपण’मध्ये सामील व्हावेसे वाटते. सतराअठरा वर्षांच्या मुलाला ही गरज अधिक तीव्रतेने भासते. तिची थट्टा करून भागणार नाही. प्रश्न एवढाच, की हे ‘आपण’ कशाच्या पायावर उभे आहे?

त्यासाठी मी तुम्हांला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत नेतो. १८४८ साली एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील तरुण विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या साहाय्याने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी, हा मूळ हेतू. मराठी आणि गुजराती भाषांतून हेच कार्य करण्यासाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. दादाभाई नौरोजी याच वर्तुळातले. पुढल्याच वर्षी, १८४९ मध्ये, या मंडळींनी मुलींसाठी शाळा उघडल्या आणि सभासद स्वतः तेथे विनावेतन शिकवू लागले. मुलींच्या शिक्षणाला चहूकडून विरोध असण्याचा तो काळ होता. एकेकट्या तरुणाने हे धाडस क्वचितच केले असते; दहाजण बरोबर आहेत हे ठाऊक असल्यामुळेच ते घडले. समवयस्कांचे मंडळ माणसाला त्याच्या एकट्याच्या शक्तीपलीकडे नेते, हा त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ.

आता त्याच शहरातील, त्याच काळातील दुसरे मंडळ पाहा. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याच प्रेरणेने १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष. जातिभेद मोडावा आणि एका ईश्वराची उपासना करावी, हे तिचे ध्येय. हेतू किती उदात्त होता पाहा! परंतु सभा गुप्त होती. नव्या सभासदाने पाव खायचा आणि परजातीच्या हातचे पाणी प्यायचे, हा तिचा दीक्षाविधी. आज आपल्याला त्याचे हसू येईल. त्या काळी मात्र एवढ्या कृत्याने माणूस वाळीत पडत असे. संख्या पुरेशी वाढेपर्यंत ही गोष्ट बाहेर फुटू द्यायची नाही, असा संकेत होता. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा पाहता पाहता विस्कळीत झाली. बंद दाराआड जातिभेद मोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना उघड्यावर तसे उभे राहणे झेपले नाही.

या सभासदांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्यावरील सामाजिक दडपण आपल्या कल्पनेबाहेरचे होते. शिवाय त्यांच्यातील काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाची उघड स्थापना करण्यात पुढाकार घेतला, हेही विसरता येत नाही. पण दोन्ही मंडळे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. उघड मंडळाने सभासदांचे धैर्य वाढविले. गुप्त मंडळाने त्यांना धैर्याचा केवळ आभास दिला. चांगल्या हेतूलाही गुप्ततेची सवय मानवत नाही, मग हेतूच चांगला नसेल तर काय होत असेल!

अमेरिकेतील इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ हे मंडळ स्थापन झाले. ग्रीक अक्षरांचे नाव, गुप्त खुणा, हस्तांदोलनाची विशिष्ट रीत, असा सारा थाट होता. १८३१ च्या सुमारास या मंडळाने गुप्तता सोडली. आज ते विद्वत्तेचा गौरव करणारी प्रतिष्ठित संस्था म्हणून ओळखले जाते. ज्यांनी गुप्तता आणि दीक्षाविधी कवटाळून ठेवले, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला वेगळा इतिहास आला. २०१७ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अशाच एका मंडळाच्या प्रवेशसमारंभात एका नवागत विद्यार्थ्याला बेसुमार मद्य पाजण्यात आले. तो जिन्यावरून पडला. घरभर ‘भाऊ’ असताना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी रुग्णवाहिका बोलावली नाही, आणि तो मुलगा दगावला. त्यांना त्याचा द्वेष नव्हता. मंडळाचे नाव बाहेर जाईल, ही भीती माणुसकीहून मोठी ठरली. अशा अनेक घटनांनंतर डिसेंबर २०२४ मध्ये तेथे या प्रकारांची नोंद ठेवणे आणि ती जाहीर करणे महाविद्यालयांवर बंधनकारक करणारा कायदा झाला.

दुसरा धोका कुंपणाचा. त्याचे उदाहरण आपल्याला कोल्हापुरात सापडते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. सर्वांसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा आधीचा प्रयत्न सफल झाला नव्हता. म्हणून ज्या समाजाला शहरात डोके टेकायला जागा नव्हती, त्याला स्वतःचे छप्पर मिळावे, हा त्यामागील विचार. त्या छपरांखाली हजारो खेडवळ मुले शिकली. हा लाभ कोणालाही नाकारता येणार नाही. पण कुंपण आधारासाठी घातले तरी ते कुंपणच असते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. तेव्हा जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक विद्यार्थी त्या समारंभाला जाऊन आला. परतल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, जेवू आणि राबू लागली. ही चूल पेटती ठेवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रदेखील मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नाव देण्यात आले. या नावातील कृतज्ञता लक्षात घ्या. ज्या परंपरेच्या कुंपणाबाहेर जावे लागले, तिच्या जनकाचेच नाव भाऊरावांनी सन्मानाने मिरविले. बंधुमंडळाला नाकारणे हा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांनी त्याचे दार रुंद केले.

तिसरा धोका प्रवेशाच्या किमतीचा. आपल्या महाविद्यालयांत तो रॅगिंग या नावाने परिचित आहे. त्याचे समर्थन नेहमी एकाच वाक्यात केले जाते : ‘यानेच तर ओळख होते, भाऊबंदी जमते.’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, आणि खेदाने सांगतो, की एकदा उच्चारलेही आहे.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी एका महाविद्यालयात तरुण अधिव्याख्याता होतो आणि वसतिगृहाच्या साहाय्यक अधीक्षकाचे काम माझ्याकडे होते. मुलताईकडच्या एका खेड्यातून एक मुलगा आला. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि मराठी-हिंदी मिसळलेली बोली, एवढे त्याचे सामान. रात्री गच्चीवर प्रथम वर्षाच्या मुलांना उभे करतात आणि त्याच्या बोलीची तासन् तास नक्कल चालते, हे मला ठाऊक होते. एका संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, “सर, मला दुसरीकडं कुठं खोली भेटंल का?” मी त्याला आत बोलावले, पाणी दिले आणि म्हणालो, “महिनाभर सोस, मग हेच तुझे भाऊ होतील.” चार दिवसांनी त्याचा अर्ज आला : आईची प्रकृती बरी नसल्यामुळे घरी जात आहे. अर्ज खोटा आहे हे मला कळत होते. तरी मी त्यावर सही केली. तो मुलगा परत आला नाही. माझ्याने कोणाचा दुःस्वास झाला नव्हता, मी कोणाला हातही लावला नव्हता; केवळ एक प्रचलित वाक्य बोललो होतो आणि एक सही केली होती.

पुढे १९९९ मध्ये महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण माझी नजर खिळली ती दुसऱ्या कलमावर : तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख हा त्या गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जाईल. मी संस्थाप्रमुख नव्हतो, आणि कायदाही तेव्हा नव्हता. तरीही ते वाचताना ती सही आठवली. मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. २००९ च्या मार्च महिन्यात हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूने देश हादरला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. ते भोपाळच्या महाविद्यालयांनाही लागू आहेत. त्यांनुसार विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पालकहो, त्या कागदावर सही करताना तो वाचा, आणि मुलाला शेजारी बसवून वाचा. सह्या किती निष्काळजीपणे होतात, हे मी अनुभवाने सांगतो आहे.

अपमान सोसल्याने भाऊबंदी जमते, हे खरे नाही. जमते ती भीती. आणि पुढल्या वर्षी आपली पाळी येईल तेव्हा वचपा काढण्याची वासना. मग खरी भाऊबंदी कशाने जमते? याचे उत्तर भोपाळकरांनी पाहिले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या त्या रात्री विषारी वायूने होरपळलेली माणसे हजारोंच्या संख्येने हमीदिया रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि कनिष्ठ डॉक्टर त्यांच्या सेवेला उभे राहिले. वायू कोणता, उपाय कोणता, हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. एकाच कामाला लागलेल्या त्या हातांमध्ये जे नाते तयार झाले असेल, ते कोणत्याही गच्चीवरच्या दीक्षाविधीने होणे नाही. सामायिक अपमान माणसांना एकत्र बांधून ठेवतो. सामायिक कार्य माणसांना एकमेकांशी जोडते. बांधणे आणि जोडणे यांतील फरक भाषेच्या विद्यार्थ्याला वेगळा सांगायला नको.

म्हणून वसतिगृहाकडे निघालेल्या मुलामुलींना मी तीन प्रश्न सोबत देतो. कोणत्याही मंडळात पाऊल टाकण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत. येथे जे चालते ते मला घरी सांगता येईल का? येथे येण्यासाठी मला माझी भाषा, माझा मान किंवा माझा एखादा मित्र बाहेर ठेवावा लागतो का? आणि उद्या मी ‘नको’ म्हणालो, तर ही माणसे माझ्याशी बोलतील का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर निःशंकपणे आत जा. असे मंडळ मिळणे हे भाग्य आहे. एकही उत्तर अडखळले, तर तेथून मागे फिरण्यात भित्रेपणा नाही.

आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा अर्थ सर्व भारतीयांमधील सामायिक भ्रातृभावाची जाणीव असा सांगितला, आणि तिच्यावाचून स्वातंत्र्य व समता वरवरच्या राहतील असा इशारा दिला. तेथे ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दहाजणांचा बंधुभाव अकराव्याला बाहेर ढकलू लागला, की भाऊबंदांची भाऊबंदकी होते.

माझ्या दारात उभा राहिलेला तो मुलगा अकरावा होता. तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी अधीक्षक, कोणी वरच्या वर्गातील विद्यार्थी. तुमच्या दारात असा कोणी आला, तर त्याला महिनाभर सोसायला सांगू नका. त्याच रात्री गच्चीवर जा.