ऑपरेशनची नाही, भुलीची भीती

अम्मींचं वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे झिजलेले, चार वर्षं नमाज खुर्चीवर. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलं तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. पण ॲडमिट व्हायच्या चार दिवस आधी जेवण सुटलं. रात्र-रात्र तस्बीह घेऊन बसून राहायच्या. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कापाकापीचं काही नाही गं. बेहोश केल्यावर उठलेच नाही तर? कलिमासुद्धा पढता येणार नाही."

आम्ही सगळे "काही होत नाही" एवढंच म्हणत राहिलो. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांकडे होणाऱ्या तपासणीचा. ही तपासणी आपल्याकडे लोक नुसती सही-शिक्क्याची बाब समजतात. तसं करू नका. मनातली भीती बोलायची खरी जागा तीच.

तिथं कळलं की गुडघ्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा पूर्ण बेहोश करतच नाहीत. कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या जागेत बारीक सुईने औषध देतात आणि काही मिनिटांत कमरेखालचा भाग सुन्न होतो. माणूस जागा राहू शकतो. नको असेल तर हलक्या झोपेचं औषध देतात. ही पद्धत 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी पहिल्यांदा वापरली, म्हणजे आजची नाही. "म्हणजे मला दुआ पढता येईल?" अम्मींचा पहिला प्रश्न. डॉक्टर हसून म्हणाले, "जरूर पढा, आमच्यासाठीही करा."

"कमरेत सुई घेतली की जन्माची कंबर जाते" हे आपल्या बायकांमध्ये फार चालतं. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं. क्वचित एखाद्याला उठून बसल्यावर डोकं दुखतं, त्यावर इलाज आहे. कायमची कंबरदुखी बहुतेक वेळा वयाची, जुन्या झिजेची असते, नाव मात्र सुईचं होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मणक्याचा त्रास असेल तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते. तेव्हाही भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत जवळच असतो. नाडी, बीपी, ऑक्सिजन सतत मशीनवर दिसत असतं. धोका अजिबात नाही असं कोणी म्हणू नये. पण तो कमी करणं बऱ्याच अंशी आपण खरं सांगण्यावर असतं. शुगर-बीपीच्या गोळ्या, दमा, हकीमसाहेबांचं चूर्ण, मिश्री-तंबाखू, हलणारा दात, आधीच्या ऑपरेशनला झालेला त्रास, सगळं सांगा. मिश्रीची गोष्ट अम्मी लपवणारच होत्या. मीच सांगितली, घरी आल्यावर बोलणी खाल्ली. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कोणती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

उपाशी राहण्याचंही नीट समजून घ्या. हा रोजा नव्हे, की पहाटे सहरीसारखं पोटभर खाऊन घेतलं म्हणजे झालं. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, जड-तेलकट असेल तर त्याहून आधी. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून ही सक्ती. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ हीच अखेरची.

पर्द्याची काळजी असेल तर आदल्या दिवशीच सिस्टरला सांगा. डोकं तर टोपीने झाकलेलंच असतं. अंगावर चादर आणि सोबत बाई कर्मचारी, एवढं आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी जमतं. नखांना गडद मेंदी किंवा पॉलिश मात्र नको. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला अडचण येऊ शकते.

ऑपरेशननंतर काही तास पाय आपले नसल्यासारखे वाटतात, थंडी वाजते, लघवी अडते. अम्मी पाय हलत नाही म्हणून रडल्याच. हे आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. भूल उतरताना दुखायला सुरुवात होते. सब्र म्हणून दात आवळून पडून राहू नका, दुखणं वाढायच्या आत सिस्टरला सांगा.

अम्मी आत पूर्णवेळ जाग्या होत्या. यासीन पढत होत्या. मध्येच हातोडीचे ठोके ऐकू आले, तर डॉक्टरांना विचारलं, "सुतार आलाय का?" आता दुसऱ्या गुडघ्याची तारीख ठरलीय. त्यांची एकच अट आहे, भूल देणारे डॉक्टर तेच हवेत.